उभ्या गाड्यांची जत्रा

इंग्लंडमध्ये जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला नऊ मैलांवरच्या गावात रविवारी सकाळी दहा वाजता पोहोचायचं असेल, तर तयारी गुरुवारी सुरू होते. गुरुवारी बॅटरी चार्जिंगला लागते. शुक्रवारी कार्ब्युरेटर उघडला जातो आणि शनिवारी तो पुन्हा लावताना एक स्क्रू उरतो. उरलेला स्क्रू खिशात टाकून मालक क्रोमच्या बंपरला पॉलिश करायला बसतो, कारण बंपरचं काम आपल्याला जमतं याची त्याला खात्री असते. रविवारी पहाटे चावी फिरवल्याबरोबर गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मग मात्र तो खरा घाबरतो.

डिकीत काय काय असतं? फॅनबेल्ट, प्लग, पॉइंट्स, कंडेन्सर, पाण्याचा कॅन, ऑइलचा कॅन, ओढायचा दोर, तार, आग विझवायचं नळकांडं, दोन घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास. एवढ्या ओझ्यानं गाडी चढ चढत नाही, म्हणून चढ टाळायचे. सिग्नलला थांबली की इंजिन तापतं, म्हणून सिग्नल टाळायचे. चौकात उजवीकडे वळताना मधेच बंद पडते, म्हणून उजवी वळणंही टाळायची. अशा रीतीनं नऊ मैलांचा रस्ता बावीस मैलांचा होतो आणि मालक गावात शिरतो तो विजयी मुद्रेनं. शेजारी बसलेली बायको मांडीवरचा टूलबॉक्स खाली ठेवते आणि विचारते, "आता परत जाताना पण असंच का?"

मैदानावर गाडी उभी केली की पहिलं काम म्हणजे बॉनेट उघडणं. जगात इतरत्र कुठेही उघडं बॉनेट दिसलं की लोक हळहळतात. इथे ते नाही उघडलं तर लोक हळहळतात.

ससेक्स, केंट, सरे या परगण्यांत मे ते सप्टेंबर या काळात असा मेळावा न भरवणारं गाव सापडणं कठीण. चर्च, पब, मधे हिरवं मैदान, मैदानावर पाचपन्नास जुन्या मोटारी, एका कडेला चहा-केकचा तंबू आणि दुसऱ्या कडेला गावच्या इतिहास मंडळाचे फलक. नुसत्या मोटारी मांडल्या तर ती हौस ठरते. सोबत इतिहासाचे फलक लावले की सांस्कृतिक कार्य होतं आणि मैदानाचं भाडंही कमी पडतं. त्यामुळे 'आमचं गाव आणि मोटार' हा विषय फार लोकप्रिय आहे. अडचण एकच. हा इतिहास नीट वाचायला गेलं तर गावानं मोटारीला केलेल्या विरोधाचा तो इतिहास निघतो.

म्हणजे बघा. 1865 साली पार्लमेंटनं कायदा केला की रस्त्यावरून यंत्रानं चालणारं वाहन न्यायचं तर त्यासोबत निदान तीन माणसं हवीत आणि त्यांतला एक जण लाल निशाण घेऊन साठ यार्ड पुढे चालत हवा. वेग गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन. ताशी दोन मैल म्हणजे आजी देवळातून घरी येते तो वेग, तोही वाटेत कोणी भेटलं नाही तर. पुढे 1878 मध्ये निशाणाची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस राहिला. हातात काही नाही, अंगावर जबाबदारी मात्र सगळी. सरकारी नोकरीतल्या वाचकांना या माणसाबद्दल विशेष जिव्हाळा वाटेल.

या कायद्याला 5 जुलै 1895 रोजी एव्हलिन एलिस नावाच्या गृहस्थानं उघडउघड धाब्यावर बसवलं. त्यानं फ्रान्सहून पानार-लेव्हासोर मोटार मागवली, हॅम्पशायरमधल्या मिशेलडेव्हर स्टेशनवर उतरवून घेतली आणि फ्रेडरिक सिम्स या मित्राला शेजारी बसवून डॅचेट या आपल्या गावापर्यंत चालवत नेली. छप्पन्न मैल, थांबे वगळून पाच तास बत्तीस मिनिटं. आपल्याला पोलिसांनी पकडावं, खटला व्हावा आणि कायद्याचं हसं व्हावं, अशी एलिसची इच्छा होती असं सांगतात. पण वाटेत एकाही पोलिसानं त्याला अडवलं नाही. कायदा मोडूनही कोणी दखल घेत नाही याचं दुःख काय असतं, ते बिचाऱ्याला विचारावं.

सिम्सनं या प्रवासाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. वाटेत एकशे तेहतीस घोडे भेटले आणि त्यांतल्या फक्त दोन लहान तट्टांना हा नवा प्रकार रुचला नाही, अशी त्यात नोंद आहे. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या मोटारप्रवासांपैकी हा एक, भोवती जुलैमधला हिरवागार मुलूख, आणि हा गृहस्थ साडेपाच तास घोडे मोजत बसला होता! शिवाय प्रत्येकाचा अभिप्रायही घेत होता. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हल्ली जी माणसं वही घेऊन प्रत्येक गाडीचा चासी नंबर टिपत फिरतात, त्यांचा मूळपुरुष सिम्सच असावा.

एलिसला जे जमलं नाही ते सहा महिन्यांनी केंटमधल्या वॉल्टर आर्नोल्डला जमलं. जानेवारी 1896 मध्ये तो पॅडक वुड गावातून ताशी आठ मैल, म्हणजे मर्यादेच्या चौपट वेगानं निघाला. गावचा हवालदार तेव्हा जेवत होता. तो उठला, टोपी घातली आणि सायकल काढून पाठलाग केला. पाच मैल. शेवटी सायकल जिंकली. वेगाबद्दल एक शिलिंग दंड झाला, वर खटल्याचा खर्च. हा आर्नोल्ड बेंझ मोटारी विकायचा धंदा करत होता, त्यामुळे एका शिलिंगात एवढी जाहिरात पुढे कोणत्याच मोटार कंपनीला मिळाली नसेल.

त्याच वर्षी नवा कायदा आला, वेगमर्यादा वाढली आणि 14 नोव्हेंबरला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी मिरवणूक काढली. निघण्यापूर्वी न्याहारीच्या वेळी एका लॉर्डसाहेबांनी लाल निशाण समारंभपूर्वक फाडलं. मग पाऊस सुरू झाला. ती मिरवणूक आजही दर नोव्हेंबरात निघते, 1905 च्या आधीच्याच मोटारी तिच्यात घेतात, आणि पाऊसही परंपरा सोडत नाही.

तर, हे सगळं फलकांवर लावलेलं असतं. फलकांपाशी इतिहास मंडळाच्या बाई उभ्या असतात. त्यांच्या गळ्यात चष्मा, हातात पट्टी आणि चेहऱ्यावर 'वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही' असा भाव. त्यांचा लाडका फलक म्हणजे गावच्या लोहाराचा. लोहार घोड्यांना नाल मारायचा. मग मोटारी आल्या, बंद पडू लागल्या, आणि जवळपास लोखंडाशी बोलू शकणारा माणूस तोच एक होता. त्यानं आधी वाकलेले ॲक्सल सरळ केले, मग दोन गॅलनच्या डब्यांतून पेट्रोल विकलं, मग पंप बसवला. नातवानं त्या जागी गॅरेज काढलं. गॅरेज बंद पडलं तेव्हा तिथे जुन्या फर्निचरचं दुकान आलं आणि आता तिथे लंडनचं एक जोडपं राहतं. घराचं नाव 'द ओल्ड फोर्ज'. इंग्लंडच्या गावांची ही एक गंमत आहे. शाळा गेली की 'द ओल्ड स्कूल' येतं, पोस्ट बंद झालं की 'द ओल्ड पोस्ट ऑफिस' येतं. पत्र टाकायला नवख्या माणसानं दार वाजवलं की आतून कुत्रा भुंकतो.

पण खरी रणधुमाळी असते ती गावातली पहिली मोटार कोणाची, यावर. साधारणपणे दोन उमेदवार असतात: डॉक्टर आणि जमीनदार. डॉक्टर, कारण त्या काळात रात्रीबेरात्री घोडा जुंपायला लावण्यापेक्षा मोटार सोयीची म्हणून डॉक्टरांनी ती लवकर घेतली. जमीनदार, कारण पैसा त्याच्याकडे. फलकावर एक धूसर फोटो. फोटोत मोटार, मोटारीत टोपी, टोपीखाली मिशा.

"हे माझे आजोबा," गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणतात.

"तुझे आजोबा? अरे, ती मिशी आमच्या घराण्यातली आहे," दुसरे वयोवृद्ध गृहस्थ म्हणतात.

वाद मिटवायचा उपाय खरं तर सोपा आहे. 1903 च्या कायद्यानं प्रत्येक मोटारीला नंबरपाटी सक्तीची केली, परगण्यागणिक अक्षरं ठरली. पूर्व ससेक्सला 'एपी', पश्चिम ससेक्सला 'बीपी'. पाटी वाचली की नोंदवहीत मालकाचं नाव सापडू शकतं. फोटोत पाटीच्या बरोबर पुढे कुत्रा बसलेला असतो. आता कुत्रा कोणाचा यावर वाद सुरू होतो, आणि तो पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला पुरतो.

याच 1903 च्या कायद्यानं वेगमर्यादा ताशी वीस मैल केली आणि गावोगावच्या पोलिसांना नवा उद्योग मिळाला. एक हवालदार कुंपणाच्या झुडपात, दुसरा ठरावीक अंतरावर पुढच्या झुडपात, दोघांच्या हातांत घड्याळं. मोटार गेली की रुमाल हलवायचा, हिशेब करायचा, आणि मोटारवाल्याला न्यायाधीशापुढे उभं करायचं. न्यायाधीश बहुधा स्वतः घोडे बाळगणारा. निकाल काय लागायचा ते सांगायला नको.

यावर मोटारवाल्यांनी 1905 साली ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. आज 'एए' म्हटलं की बंद पडलेली गाडी सुरू करून देणारी पिवळी व्हॅन डोळ्यांपुढे येते. पण संस्थेचा जन्म झाला तो पुढे पोलीस दडलेत हे सभासदांना कळवण्यासाठी. संस्थेचे शिपाई सायकलवरून ब्रायटनच्या रस्त्यावर फिरायचे आणि मोटारवाल्यांना इशारे द्यायचे. पुढे न्यायालयानं ठरवलं की असा इशारा देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. मग संस्थेनं डोकं चालवलं. शिपायानं सभासदाच्या मोटारीला रोज कडक सलाम ठोकायचा. ज्या दिवशी तो सलाम ठोकणार नाही त्या दिवशी सभासदानं थांबून विचारायचं, "का रे बाबा, आज सलाम का नाही?" इशारा दिला तर गुन्हा, सलाम न ठोकणं हा कोणत्याच कायद्यात गुन्हा होत नव्हता. इंग्रज माणूस कायदा पाळतो असं म्हणतात ते अशा अर्थानं खरं आहे.

गावांच्या या छळाचा सूड एका लेखकानं घेतला, आणि तो लेखक जन्मानं मुंबईकर. लाल निशाणाचा कायदा आणि रुडयार्ड किपलिंग एकाच वर्षी, 1865 साली जन्मले. कायदा लंडनला, किपलिंग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. पुढे तो ससेक्समधल्या बर्वॉश गावाजवळ राहायला गेला आणि मोटारीच्या पार आहारी गेला. सुरुवातीला त्याच्याकडे वाफेवर चालणारी लोकोमोबिल होती. ती चालण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ घालवी. मग लँचेस्टर आली, मग रोल्स-रॉइस. 'बेटमन्स' हे त्याचं घर आता वारसा म्हणून जपलंय आणि तिथे त्याची 1928 ची रोल्स-रॉइस आजही उभी आहे.

ते घर 1902 मध्ये विकत घेतानाचा किस्सा त्यानंच आत्मचरित्रात सांगितला आहे. विकणाऱ्यानं काळजीनं विचारलं, स्टेशन चार मैलांवर, मधे केवढा चढ. माझ्या तर घोड्यांच्या दोन जोड्या या चढानं कामातून गेल्या. तुम्ही कसं करणार? किपलिंग मोटारीत बसल्या बसल्या म्हणाला, या असल्या यंत्रानं जमवावं म्हणतो. विकणारा म्हणाला, छे, हे काही टिकायचं नाही. बऱ्याच वर्षांनी दोघे भेटले तेव्हा त्या गृहस्थानं कबूल केलं, की तुम्ही काय ताडलं होतं ते मला तेव्हा कळलं असतं, तर मी किंमत दुप्पट सांगितली असती. जमिनीचे व्यवहार करणारी माणसं ससेक्सला काय आणि सासवडला काय, एकाच मातीची.

तर या किपलिंगनं एक गोष्ट लिहिली. एका गावात मोटारवाल्यांना वेगाबद्दल दंड होतो, वर न्यायाधीश अपमानही करतो. मोटारवाल्यांत असतात एक खासदार आणि वर्तमानपत्रवाले. वाटेत त्यांना नाटक-तमाशांचा एक बडा ठेकेदार मिळतो. सगळे मिळून त्या गावाची अशी काही जगभर जाहिरात करतात, की पृथ्वी सपाट असल्याचा ठराव त्या गावानं मतदानानं मंजूर केला आहे. गावाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. ही गोष्ट 1917 च्या संग्रहात आली. इतिहास मंडळाच्या फलकांवर किपलिंगची रोल्स-रॉइस सापडते. या गोष्टीचा फलक सापडला तर वाचकांनी जरूर कळवावं.

इकडे मैदानावर उतरंड ठरलेली असते. साध्या माणसाला जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी. पण व्हिंटेज म्हणजे 1930 च्या अखेरपर्यंतची, असं व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबनं 1930 च्या दशकातच ठरवून टाकलं; म्हणजे जेमतेम काही वर्षं जुन्या गाड्या तेव्हाच 'व्हिंटेज' झाल्या होत्या. पहिलं महायुद्ध संपण्यापूर्वीच्या त्या व्हेटरन आणि एडवर्डियन. 1931 ची गाडी आणून 'व्हिंटेज' म्हणणारा माणूस दिसला की जुनी मंडळी त्याच्याकडे सोवळ्याच्या पंगतीत सदरा घालून बसलेल्याकडे पाहावं तशी पाहतात. सगळ्यांत शेवटी, शौचालयाजवळ, 1970 च्या दशकातल्या गाड्या. तिथे ऑस्टिन ॲलेग्रो असते. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलचं स्टिअरिंग गोल नव्हतं, चौकोनी वळणाचं होतं. का? याचं समाधानकारक उत्तर गेल्या पन्नास वर्षांत कोणी दिलेलं नाही. पण तिच्याभोवतीच सगळ्यात जास्त गर्दी असते, कारण रोल्स-रॉइस लोकांनी पाहिलेली असते आणि ॲलेग्रोत लोक लहानपणी मागच्या सीटवर ओकलेले असतात.

प्रत्येक गाडीपाशी एक जाणकार येतो. जाणकाराकडे गाडी नसते, मतं असतात. तो वाकून बघतो, मान हलवतो, आणि मालकाला ज्याची भीती असते तेच वाक्य उच्चारतो.

"हा स्क्रू ओरिजिनल नाही."

मालकाचा चेहरा उतरतो. आठ वर्षं, तीन गॅरेजं, बायकोची स्वयंपाकघर नवं करायची राहून गेलेली इच्छा, हे सगळं त्या एका स्क्रूपाशी येऊन थांबतं. त्याचा हात नकळत खिशात जातो.

खरं तर मूळ गाड्याच फारशा 'मूळ' नव्हत्या. मॉरिस मायनर घ्या. 1948 मध्ये ती बाजारात येण्याच्या अगदी तोंडावर तिच्या रचनाकाराला, ॲलेक इसिगोनिसला, वाटलं की ही फारच अरुंद दिसते. त्यानं नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन तुकडे चार इंच लांब सरकवून बघितले आणि म्हणाला, हं, आता बरी दिसते. बंपर तोवर तयार होऊन पडले होते. मग तेही मधोमध कापून चार इंचांची पट्टी जोडली. मायनरच्या बॉनेटवर मधून जो सपाट पट्टा दिसतो तो त्या चार इंचांचा. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांनी या गाडीला पाण्यात शिजवलेलं अंडं म्हटलं होतं म्हणे. पुढे तीच दहा लाख खपलेली पहिली ब्रिटिश गाडी ठरली आणि त्या आनंदात कंपनीनं काहीशे गाड्या फिकट जांभळ्या रंगात काढल्या. एवढं जांभळं अंडं लोकांनी हौसेनं विकत घेतलं.

हिचीच एक बहीण ट्रॅव्हलर. तिच्या मागच्या अर्ध्या भागाचा सांगाडा ॲश वृक्षाच्या लाकडाचा, आणि तो शोभेचा नाही. गाडी खरोखर त्यावर उभी. त्यामुळे ट्रॅव्हलरच्या मालकाला मेकॅनिक नाही मिळाला तरी चालतो, सुतार मात्र हवा. पावसाळी हवेत खिडकीच्या चौकटीत शेवाळं धरतं. एखाद्याच्या गाडीत छत्र्या उगवल्याच्या कथाही आहेत. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ब्रिटनमध्ये 2018 पासून वार्षिक तपासणी माफ झाली आहे. तीन वर्षांची झाली की गाडी दर वर्षी तपासायची आणि लाकडाची, पंचावन्न वर्षांची, तिला विचारायचंही नाही. सरकारचा युक्तिवाद असा की एवढ्या जुन्या गाडीचा मालक तिची काळजी घेतोच. घेतो, घेतो. बंपर बघा कसा लखलखतोय.

अशा मेळाव्यात हल्ली एक नवा प्रेक्षकवर्ग हमखास दिसतो: उन्हाळ्यात भारतातून लेकीकडे मुक्कामाला आलेले आईवडील. रविवारी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न जावयांना पडतो, आणि मैदानात प्रवेश फुकट असतो. काका दोरीच्या पलीकडे पाहतात आणि जागच्या जागी थबकतात.

"अगं, ही तर आपली अँबॅसॅडर!"

"हळू बोला, लोक बघतात," काकू म्हणतात.

"बघू देत! साहेबांना न्यायला रोज यायची. पांढरी होती, एवढाच फरक."

गाडी असते मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज तीन, साल 1957. मालक अभिमानानं सांगतो, फार थोड्या उरल्यात हो. काका सौम्यपणे सांगतात, आमच्याकडे 2014 पर्यंत कारखान्यातून कोरी मिळत होती. मालकाला खुर्चीत बसावं लागतं. 1959 मध्येच बंद झाली म्हणून ज्या गाडीचे भाग तो इंटरनेटवर रात्र रात्र शोधत असतो, ती कलकत्त्याजवळ उत्तरपाऱ्यात अर्धशतकाहून जास्त काळ निघत होती! पुढच्या पाच मिनिटांत काकांच्या हातात खुर्ची, चहा आणि केक येतो, आणि मालकाच्या हातात वही.

"दरवाज्याचं रबर मिळेल?"

"जुन्या बाजारात बघावं लागेल. बुधवारी, नाहीतर रविवारी."

"डाव्या बाजूचा टेललॅम्प?"

"तोही मिळेल. उजव्याचाच मिळेल, पण लावता येतो."

ज्यांना चाक बदलताना जॅक नेमका कुठे लावायचा हे अजून नक्की ठाऊक नाही अशा माणसांत (विनोदी लेख लिहिणारे बहुतेक जण यात मोडतात) काकाही आलेच. पण इंग्लंडच्या मातीत तज्ज्ञ म्हणून मान मिळाल्यावर तो नाकारायचा कशाला? शेजारच्या ट्रायम्फ हेरल्डकडे बघून ते 'ही मद्रासला बनायची' असं सांगतात तेव्हा तिचा मालकही खुर्ची सरकवून जवळ येतो. फियाटपाशी काका थोडे हळवे होतात. तिचाच देशी अवतार, मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी, ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. स्टिअरिंगखालचा तो गिअरचा दांडा पाहून काकू म्हणतात, "यांना यात कधीच रिव्हर्स पडायचा नाही. आम्ही उतरून ढकलायचो." जावई एकदम खोकतो.

मैदानाच्या टोकाला मात्र काकांना कोडं पडतं. तिथे लाल-हिरवी रंगवलेली छोटी इंजिनं फक-फक करत असतात. डर्स्लीच्या लिस्टर कंपनीची, 1920-30 च्या दशकांतली. आपल्याकडे विहिरीवर असली इंजिनं असायची, त्यामुळे काकांना आवाज ओळखीचा. प्रत्येक इंजिनाशेजारी खुर्चीत एक गृहस्थ, हातात चिंधी, नजर इंजिनावर. इंजिन पंप चालवतं, पंप पिंपातलं पाणी उपसतो.

"पाणी कुठे जातं?" काका विचारतात.

"त्या दुसऱ्या पिंपात."

"आणि तिथून?"

"परत या पिंपात."

काका बराच वेळ उभे राहतात. सोलापूरकडचा माणूस, पाण्याची ही तऱ्हा त्यांना पाहवत नाही. "निदान त्या गवताला तरी सोडा," ते पुटपुटतात. गृहस्थ चिंधीनं इंजिन पुसतो आणि सांगतो की सकाळपासून एकदाही बंद पडलेलं नाही.

दुपारी वेशभूषा. विषय इतिहासाचा म्हटला की इंग्रज माणूस धावतो तो 1940 मध्ये. गणवेश, बिल्ले, लाल लिपस्टिक, दोन-चार जनरल माँटगोमेरी. सगळे जण 1972 च्या गाडीला टेकून फोटो काढतात. याच 1940 मध्ये जर्मन सैन्य उतरलंच तर त्याला वाट सापडू नये म्हणून देशभरच्या रस्त्यांवरच्या पाट्या काढून टाकल्या होत्या. जर्मन आले नाहीत. पुढे कित्येक महिने इंग्रजच एकमेकांना पत्ता विचारत फिरले. मेळाव्याच्या आयोजकांनी या परंपरेला जागून मैदानाकडे जाणारी पाटी एका झाडामागे लावलेली असते.

तीन वाजता ढग येतात. उघड्या टपाच्या गाड्यांचे मालक टप चढवायला धावतात. एमजीचा टप चढवणं म्हणजे दोघांचं काम: एकानं दांड्या धरायच्या, दुसऱ्यानं पुस्तिका वाचायची. बटणं शेवटच्या एकापर्यंत येतात आणि ते एक लागत नाही, कारण पहिलंच चुकीच्या भोकात लागलेलं असतं. सगळं उकलून पुन्हा लावेपर्यंत ऊन पडतं. चहाच्या तंबूत तोवर सगळा मेळावा कोंबलेला, आणि इतिहास मंडळाच्या बाईंना हवे असलेले श्रोते अखेर मिळालेले.

बक्षिसांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. 'सर्वोत्तम गाडी'चा चषक ट्रेलरवरून आणलेल्या गाडीला जातो आणि चालवत आलेले सगळे एकजुटीनं टाळ्या वाजवत नाहीत. लॉटरीत काकूंना आंघोळीच्या मिठाची बाटली लागते.

मग परतीची गर्दी. गावाचा रस्ता अरुंद, आणि वेशीवर पिवळी जाकिटं घालून, हातात वेग मोजायचं यंत्र धरून तिघे-चौघे उभे. हे पोलीस नव्हेत, गावकरीच. गावातून भरधाव जाणाऱ्या गाड्यांची नोंद करून पोलिसांना कळवायची, मग पोलीस मालकाला समजुतीचं पत्र धाडतात, अशी ही योजना ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी चालते. सकाळी ज्यांनी हात दाखवून गाड्या मैदानात लावून घेतल्या, संध्याकाळी तेच झुडपाशेजारी उभे. घड्याळाच्या जागी रडार आलं, एवढाच बदल. ट्रेलरवाला हळू जातो. ॲलेग्रो ढकलत नेली जाते. आणि मग उतारावरून, मागे निळा धूर सोडत, 1934 ची ऑस्टिन सेव्हन येते. ऑक्टोबर 1937 पूर्वीच्या गाडीला ब्रिटनमध्ये वेगदर्शक काटा असण्याची सक्ती नाही, त्यामुळे आपण किती वेगानं जातो हे या मालकाला आयुष्यात कधी कळलेलं नसतं. पिवळ्या जाकिटातल्या बाई यंत्र रोखतात, आकडा बघतात, पुन्हा बघतात आणि हात वर करतात. गाडी बऱ्याच अंतरावर जाऊन थांबते. ब्रेकही 1934 चेच.

"छत्तीस," बाई कडक आवाजात म्हणतात. "इथे तीसची मर्यादा आहे."

"छत्तीस?" मालक खाली उतरतो, टोपी काढतो आणि बायकोला हाक मारतो. "ऐकलंस का? छत्तीस!"

"तुम्हाला पत्र येईल."

"येईल ना नक्की?" तो वही पुढे करतो. "पत्ता मीच लिहून देतो. आणि हे बघा, त्यात आकडा अक्षरीही लिहायला सांगा."